ओपन सोर्स एन्क्रिप्शन आणि निर्यातीचे नियम : अंबडच्या एका गेटवेचे प्रकरण

रॉटरडॅमच्या आयातदाराने पाठवलेल्या चौकशी-पत्रकात एक ओळ होती : "वस्तूत एन्क्रिप्शन आहे का? असल्यास निर्यात-नियंत्रणाचा क्रमांक लिहा." नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या घटकाने समोर लिहून टाकले, "एन्क्रिप्शन ओपन सोर्स आहे, म्हणून नियंत्रण लागू नाही." आयातदाराने पत्रक परत पाठवले. द्राक्षाचा हंगाम तोंडावर आणि माल कारखान्यातच.

हे उत्तर भल्याभल्यांच्या कागदांवर दिसते. त्यात अर्धे सत्य आहे, म्हणूनच ते चुकीचे आहे हे लवकर लक्षात येत नाही. सूट मिळते ती उघड्यावर ठेवलेल्या सोर्स कोडला. तोच कोड पोटात घेऊन तयार झालेले, ग्राहकाला न दाखवलेले फर्मवेअर (उपकरणात बसवलेले सॉफ्टवेअर) ही वेगळी वस्तू आहे आणि तिचे वर्गीकरण वेगळेच करावे लागते.

घटक, त्याची ऑर्डर आणि तिचे आकडे इथे उदाहरणासाठी रचले आहेत. नियम, कलमे आणि तांत्रिक मर्यादा मात्र प्रत्यक्षातल्याच आहेत.

विकायचे काय होते

घटक द्राक्षाच्या शीतसाखळीसाठी दोन उपकरणे बनवतो. पहिले नोड. पॅलेटवर पेट्यांच्या मध्ये ठेवायची ही डबी दर पाच मिनिटांनी तापमान आणि आर्द्रता मोजून रेडिओवरून पाठवते. दुसरे गेटवे. प्रीकूलिंगच्या खोलीबाहेर भिंतीवर बसणारा हा लिनक्सचा डबा नोडच्या नोंदी गोळा करून इंटरनेटवरून सर्व्हरला देतो. पिंपळगाव, निफाड, दिंडोरी पट्ट्यातल्या पॅकहाऊसमध्ये चाललेली ही जोडी आता बाहेर जाणार होती. नेदरलँड्सला ६०० नोड आणि ४० गेटवे, दुबईच्या वितरकाला १५ गेटवे. शिवाय नोडची रेडिओ लायब्ररी घटकाने एमआयटी परवान्याखाली गिटहबवर आधीच खुली केली होती.

म्हणजे वस्तू तीन : लायब्ररी, नोड, गेटवे. "आमच्या प्रॉडक्टला लागू आहे की नाही" असा एकच प्रश्न विचारला की तिन्हींची सरमिसळ होते आणि उत्तर हमखास चुकते.

कोणते नियम

भारतात परकीय व्यापार (विकास व नियमन) कायदा, १९९२ आणि त्याखालची स्कोमेट यादी, म्हणजे नागरी आणि लष्करी असा दुहेरी वापर होऊ शकणाऱ्या, निर्यातीवर नियंत्रण असलेल्या वस्तूंची यादी. ही यादी म्हणजे आयटीसी-एचएस या व्यापारी वर्गीकरणाच्या शेड्यूल २ चे परिशिष्ट ३. डिसेंबर २०१७ मध्ये भारत वासेनार या निर्यात-नियंत्रणाच्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेत सामील झाला. यादीतला वर्ग ८ वासेनारच्या दुहेरी वापराच्या यादीवरून घेतला आहे आणि माहिती-सुरक्षेचा भाग म्हणजे ८ए५ भाग २. युरोपीय संघात हेच काम नियमन २०२१/८२१ करते, अमेरिकेत वाणिज्य खात्याच्या बीआयएस विभागाचे ईएआर नियम करतात. या दोन्हींत उपकरणाचा क्रमांक ५ए००२ आणि सॉफ्टवेअरचा ५डी००२ असतो. तिन्ही याद्या एकाच खोडाच्या फांद्या असल्याने तांत्रिक विश्लेषण एकदा नीट केले की तीनदा उपयोगी पडते.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. एचएसएन कोड (सीमाशुल्कासाठीचा वर्गीकरण क्रमांक) आणि स्कोमेट क्रमांक यांचा परस्परांशी थेट संबंध नाही. "आमचा माल ८५१७ मध्ये जातो, त्यात स्कोमेट येत नाही" असे सीएचए (सीमाशुल्काचे काम पाहणारा एजंट) सवयीने सांगतो. पण नियंत्रण ठरते ते वस्तू काय करते यावर. शुल्काच्या शीर्षकाचा त्यात वाटा नाही.

नियंत्रण सुरू कुठे होते? सिमेट्रिक (लावायला आणि उघडायला एकच) की ५६ बिटांपेक्षा मोठी, किंवा जोडकीच्या पद्धतींपैकी आरएसए ५१२ बिटांपेक्षा मोठे, इलिप्टिक कर्व्ह ११२ बिटांपेक्षा मोठा. आज वापरात असलेला कोणताही धड सायफर (एन्क्रिप्शनची पद्धत) ही रेषा ओलांडतो. एईएस-१२८ (१२८ बिटांची मानक पद्धत) ओलांडते, कर्व्ह २५५१९ ओलांडतो. म्हणून "आमचे एन्क्रिप्शन साधेच आहे" या वाक्याला इथे अर्थ उरत नाही. विचारायचे ते पुढचे प्रश्न : एन्क्रिप्शन गुप्ततेसाठी आहे की फक्त ओळख पटवण्यासाठी आणि सहीसाठी? वस्तूचे मुख्य काम काय? आणि यादीतच दिलेल्या अपवादांपैकी एखादा बसतो का? निव्वळ डिजिटल सही, पासवर्डची पडताळणी किंवा फर्मवेअरची अखंडता तपासणे हे गुप्ततेत मोडत नाही. बूटलोडर (उपकरण सुरू करणारा प्रोग्राम) सही तपासतो म्हणून वस्तू नियंत्रित होत नाही.

लायब्ररी

ज्या सॉफ्टवेअरच्या पुढच्या प्रसारावर बंधन नाही ते वासेनारच्या भाषेत 'सार्वजनिक क्षेत्रात' असते आणि ते यादीबाहेर राहते. कॉपीराइट असणे याच्या आड येत नाही. अमेरिकेची वाट थोडी वेगळी आहे. १९९६ अखेरपर्यंत तिथे एन्क्रिप्शन शस्त्रास्त्रांच्या यादीत होते, मग ते वाणिज्य खात्याकडे आले, आणि जानेवारी २००० च्या नियमांनी उघड्या सोर्स कोडला वाट मोकळी झाली. आज त्याचे कलम ७४२.१५(बी). पूर्वी असा प्रत्येक कोड उघडा करताना बीआयएस आणि एनएसए (अमेरिकेची राष्ट्रीय सुरक्षा संस्था) यांना ईमेलने कळवावे लागे. २९ मार्च २०२१ पासून ही सूचना फक्त 'अप्रमाणित' क्रिप्टोग्राफी असलेल्या कोडसाठी उरली. अप्रमाणित म्हणजे कोणत्याही मान्यताप्राप्त आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने न स्वीकारलेले आणि अन्यथाही प्रसिद्ध न झालेले अल्गोरिदम किंवा प्रोटोकॉल. उघड्या सोर्सचे संकलित (यंत्रावर चालणारे) रूपही याच सवलतीत बसते, पण त्याच सोर्सचे.

नाशिकमध्ये लिहिलेल्या कोडला अमेरिकेचा नियम का? कोड गिटहबवर, म्हणजे अमेरिकी कंपनीच्या यंत्रणेवर चढतो आणि तिथून जगभर जातो. अमेरिकेत असलेली वस्तू ईएआरच्या कक्षेत येते, मग ती कुठेही जन्मलेली असो.

इथे पहिली मेख निघाली. लायब्ररीत सायफर घरचा होता. नोडला बटणासेलवर वर्षभर चालवायचे म्हणून प्रोग्रामरने एईएस टाळून स्वतःचे फिरते एक्सऑर आणि दोन बाइटची बेरीज बसवली होती. सुरक्षेच्या दृष्टीने ते तकलादू होतेच, आणि नियमाच्या दृष्टीने घातक. मानक क्रिप्टोग्राफीला मिळणाऱ्या जवळजवळ सगळ्या सवलती "फक्त प्रसिद्ध किंवा व्यापारी मानके वापरणारे" या अटीवर उभ्या आहेत. घरचा सायफर घातला की एकेक दार बंद होत जाते. आणि ही सगळी बचत फुकाची होती. नोडच्या चिपमध्ये एईएसचा हार्डवेअर ब्लॉक होता, तो कोणी चालूच केला नव्हता.

बदल असा केला. एईएस-१२८ सीसीएम (गुप्तता आणि अखंडता दोन्ही देणारी रीत), चार बाइटचा टॅग (अखंडतेची खूण). नॉन्स, म्हणजे एका कीवर एकदाच वापरायचा आकडा, १३ बाइटचा : ८ बाइट उपकरण क्रमांक, ४ बाइट मोजणी, १ बाइट दिशा. हवेतून मोजणीचे खालचे दोनच बाइट जातात, वरचे दोन गेटवे स्वतः जुळवतो. पाच मिनिटाला एक संदेश धरला तर दोन बाइटची मोजणी सुमारे २२७ दिवसांनी उलटते, त्यामुळे जुळवणी सोपी राहते. १२ बाइटची नोंद १८ बाइटची झाली, एवढाच भार.

सीसीएममध्ये चूक होते ती नेहमी एकाच जागी. सेल बदलला, नोड पुन्हा सुरू झाला, मोजणी शून्यावर गेली, आणि त्याच कीवर तोच नॉन्स दुसऱ्यांदा वापरला गेला. मग गुप्तता संपली. म्हणून फ्लॅशमध्ये मोजणी २५६ ने पुढची राखून ठेवायची आणि सुरू होताना त्या राखीव आकड्यापासून निघायचे. फ्लॅशवर लिहिणे दिवसाला साधारण एकदाच होते. गेटवेने मात्र पुढची उडी स्वीकारली पाहिजे आणि मागची नाकारली पाहिजे.

नवा कोड चढवला तरी जुना सायफर गिटच्या इतिहासात राहतो. कोड उघडा केल्यावर तो 'प्रसिद्ध' झालाच, असा युक्तिवाद करता येईल. त्या वादात न शिरता घटकाने बीआयएस आणि एनएसए या दोन्ही कार्यालयांना रिपॉझिटरीचा (गिटहबवर कोड ठेवलेल्या जागेचा) पत्ता आणि चार ओळींचे वर्णन ईमेल केले. हाच मार्ग शहाणपणाचा. पत्ता तोच राहिला तर त्या जागी होणाऱ्या बदलांसाठी पुन्हा कळवावे लागत नाही. पत्ता बदलला तर लागते.

आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. रिपॉझिटरी उघडी होण्याआधीचे आठ महिने ती खाजगी होती आणि पोलंडमधल्या एका कंत्राटी प्रोग्रामरला तिथे प्रवेश होता. खाजगी रिपॉझिटरी सार्वजनिक नसते. ईमेल किंवा क्लाउडमार्गे परदेशी व्यक्तीला नियंत्रित सॉफ्टवेअर देणे हीसुद्धा निर्यातच आहे. त्या काळातल्या कोडचे वर्गीकरण मागाहून करून तारखेसह फाईलला लावावे लागले.

नोड

वासेनार यादीत ५ए००२ खाली दुसऱ्या टिपेत एक अपवाद आहे, 'जे'. नागरी उद्योगातल्या जोडलेल्या उपकरणांसाठीचा हा अपवाद नाशिकच्या निम्म्या आयओटी घटकांना उपयोगी पडेल असा आहे. टोकाच्या उपकरणाला त्यात दोन दारे आहेत. एक, एन्क्रिप्शन केवळ 'अस्वैर' माहितीसाठी असावे, म्हणजे तापमान, दाब, प्रवाह, वजन, व्होल्टेज, जागा अशी भौतिक मोजमापे जी वापरणाऱ्याला बदलता येत नाहीत. दोन, एन्क्रिप्शन त्या एका ठरावीक नागरी उपयोगापुरतेच मर्यादित असावे. दोन्हीकडे अट सारखीच : मानके प्रसिद्ध किंवा व्यापारी असावीत, आणि वापरणाऱ्याला क्रिप्टो सहज बदलता येऊ नये.

तापमान मोजणारा नोड पहिल्या दारातून सरळ जायला हवा होता. अडला तो 'शेरा' या रकान्यापाशी. मोबाइल ॲपवरून पॅलेटला ६० अक्षरांची नोंद जोडता येत होती, उदाहरणार्थ बागायतदाराचे नाव, वाण, पेट्यांची संख्या. ती नोडमध्ये साठून त्याच एन्क्रिप्शनखाली जात होती. वापरणाऱ्याने टंकलेला कोणताही मजकूर म्हणजे स्वैर माहिती. पहिले दार तिथेच बंद. दुसऱ्या दारातून जाता आले असते, पण एका रकान्यासाठी लांबलचक युक्तिवाद करण्यात काही हशील नव्हते. शेरा नोडमधून काढून ॲपमधून थेट सर्व्हरला नेला. पॅकहाऊसच्या माणसाला पडद्यावर फरक दिसला नाही. ॲप आणि नोडमधल्या ब्लूटूथला वैयक्तिक क्षेत्र जाळ्याचा वेगळा अपवाद आहे. तिथे ब्लूटूथची मानक जोडणी सोडून वर काही चढवलेले नाही एवढे पाहिले.

गेटवे

खरे काम इथे होते. सगळ्या कामाच्या पाच आठवड्यांपैकी साडेतीन याच डब्यावर गेले.

'जे' अपवादात जोडणाऱ्या उपकरणालाही जागा आहे. पण ते टोकाच्या उपकरणांशी बोलण्यासाठीच खास बनवलेले हवे, आणि त्याचे एन्क्रिप्शन त्या उपयोगापुरते किंवा स्वतःच्या चालवणुकीपुरते हवे. सर्वसाधारण नेटवर्किंगला हा अपवाद नाही. प्रश्न असा की अंबडचा डबा नेमका काय होता?

बिल्डमधून निघालेली पॅकेजांची यादी उघडल्यावर कळले. ओपनडब्ल्यूआरटी या राउटरच्या लिनक्सवर बेतलेली प्रतिमा (डब्यात चढवायचे पूर्ण सॉफ्टवेअर), त्यात ओपनएसएसएल ही एन्क्रिप्शन लायब्ररी, ड्रॉपबेअर हा एसएसएच (दूरून लॉगिन) सर्व्हर, वायरगार्ड हा व्हीपीएन (इंटरनेटवरचा एन्क्रिप्टेड बोगदा), वायफायचा हॉटस्पॉट, आणि ओपनव्हीपीएन हा दुसरा व्हीपीएन. शेवटचे बंद ठेवलेले होते, "वापरात नाही" म्हणून कोणी हिशेबात धरले नव्हते. पण नियमाचे शब्द असे आहेत की क्षमता वापरण्याजोगी असली, चालू केलेली असली, किंवा सुरक्षित क्रिप्टोग्राफिक सक्रियणाखेरीज इतर कोणत्याही मार्गाने चालू करता येण्याजोगी असली तरी ती धरायची. वेब पानावर एक टिकमार्क केला की ओपनव्हीपीएन चालू होत होते. म्हणजे ते धरायचे.

त्याहून गंभीर म्हणजे पॅकहाऊसच्या ऑफिसातला संगणक गेटवेच्या हॉटस्पॉटला जोडला की त्याची सगळी ये-जा वायरगार्डमधून बाहेर जाऊ शकत होती. विक्रीच्या माणसाने हे वैशिष्ट्य म्हणून माहितीपत्रकात छापलेही होते. हा झाला व्हीपीएन राउटर. त्यात द्राक्षाचे तापमानही जाते हे खरे, पण त्याने वर्ग बदलत नाही.

आम ग्राहकासाठीच्या मालाची सवलत बसली असती का? ती ज्या क्रिप्टोग्राफी टिपेत आहे तिच्या अटी पाहा : दुकानातून कोणालाही विनाबंधन विक्री, क्रिप्टो सहज बदलता न येणे, पुरवठादाराच्या फारशा मदतीविना बसवता येणे. हा डबा कोटेशनवर विकला जातो आणि घटकाचा माणूस जाऊन बसवून देतो. अटी बसत नाहीत. दुसरा मार्ग डीजीएफटीच्या (परकीय व्यापार महासंचालनालयाच्या) परवानगीचा. एकेका व्यवहाराचा अर्ज आंतर-मंत्रालयीन कार्यगटापुढे जातो. माहिती-सुरक्षेच्या वस्तूंसाठी जीएईआयएस नावाची सर्वसाधारण परवानगीही आहे, ज्यात अटी पाळणाऱ्याला दर खेपेला वेगळा परवाना लागत नाही. व्हीपीएन हेच ज्याचे उत्पादन आहे त्याने हाच रस्ता धरावा. या घटकाला व्हीपीएन विकायचेच नव्हते, म्हणून डबा अरुंद करणे बरे.

ओपनव्हीपीएन प्रतिमेतूनच काढले. पाठीमागे प्रोग्राम शिल्लक ठेवून वेब पान लपवणे पुरत नाही, बायनरी जायला हवी. वायरगार्डच्या अनुमत पत्त्यांत घटकाच्या सर्व्हरचा एकच /३२ पत्ता ठेवला. कर्नलमधले आयपी फॉरवर्डिंग (एका जाळ्यातले पॅकेट दुसऱ्यात पुढे पाठवणे) शून्य केले आणि फायरवॉलची फॉरवर्ड साखळी मुळातच नकारावर ठेवली. हॉटस्पॉट फक्त बसवण्याच्या वेळी बटण दाबल्यावर १५ मिनिटे चालतो आणि त्यावर मांडणीचे पान सोडून काही दिसत नाही. एसएसएच राहिले, पण ते घटकाच्या कीवरच आणि देखभालीपुरते; चालवणूक, प्रशासन आणि देखभाल एवढ्याच कामाच्या एन्क्रिप्शनला यादीत स्वतंत्र अपवाद आहे. ग्राहकाला शेल नाही, पॅकेज बसवण्याची आज्ञा नाही.

तपासणी साधी पण निर्णायक होती. लॅपटॉपचा डीफॉल्ट मार्ग गेटवेवर वळवला आणि बाहेरचा पत्ता उघडायचा प्रयत्न केला. बाहेरच्या पोर्टवर पॅकेट पकडत ठेवले. एकही पॅकेट पलीकडे गेले नाही, याची नोंद तारखेसह ठेवली.

तरी एक भोक राहिले होते. डब्याच्या आत चार पिनांचा सिरियल कनेक्टर, आणि यू-बूट हा बूटलोडर सुरू होताना तीन सेकंद कळ दाबण्याची वाट पाहत होता. ज्याच्याकडे पेचकस आणि दोनशे रुपयांची केबल आहे त्याला आत शिरून क्रिप्टो बदलता आला असता. "सहज बदलता येऊ नये" ही अट अशाने ढिली पडते. बूटडिले (ती वाट पाहण्याची मांडणी) उणे दोनवर नेला, म्हणजे कळ दाबून थांबवता येत नाही, आणि सही नसलेली प्रतिमा बूट होणार नाही अशी व्यवस्था केली.

यावर एक रास्त शंका येते : डबा असा कुलूपबंद केला तर ओपन सोर्स परवान्यांचे काय? लिनक्स कर्नल आणि बिझीबॉक्स (लहान उपकरणांसाठीची लिनक्स साधने) जीपीएल या ओपन सोर्स परवान्याच्या आवृत्ती २ चे, त्यांचा सोर्स मागणाऱ्याला द्यावाच लागतो, आणि घटकाने तो देण्याची लेखी तयारी डब्याबरोबर जोडली. ओपनएसएसएल ३ अपाचे परवान्याचे. बदललेला कोड उपकरणात चढवता येईल अशी माहिती देण्याची सक्ती जीपीएल आवृत्ती ३ मध्ये आहे, पण ती घरगुती वापराच्या वस्तूंपुरती. पॅकहाऊसच्या भिंतीवरचा डबा त्यात येत नाही. हेच उत्पादन उद्या घरगुती फ्रिजसाठी विकायचे ठरले तर मात्र हा हिशेब नव्याने मांडावा लागेल.

कागद

शेवटी चार पानांचे टिपण झाले. त्यात प्रत्येक वस्तूसाठी फर्मवेअर आवृत्ती, अल्गोरिदम, कीची लांबी, ते कशासाठी, कोडमध्ये कुठे, कोणाला बदलता येते, आणि कोणत्या टिपेखाली अपवाद. तांत्रिक प्रमुख आणि संचालक दोघांच्या सह्या. हे टिपण, ईमेल, चाचण्या, ग्राहकाची पत्रे पाच वर्षे सांभाळायची. शिपिंग बिल भरण्याआधी सीएचएला त्याची प्रत दिली, म्हणजे स्कोमेटच्या रकान्यात तो सवयीने काही भरणार नाही. चुकीची किंमत मोठी आहे. १९९२ च्या कायद्याच्या कलम ११ खाली दंड मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत जाऊ शकतो आणि आयईसी (आयात-निर्यात क्रमांक) थांबला तर बाकीचीही निर्यात थांबते.

बिल्डमध्येही एक पहारा बसवला. मंजूर क्रिप्टो पॅकेजांची यादी ठेवली आणि तिच्याबाहेरचे काही प्रतिमेत आले तर बिल्ड अडतो. गेल्या वेळी ओपनव्हीपीएन एका अवलंबनाबरोबर आपसूक आले होते, तसे आता होणार नाही.

रॉटरडॅमला गेलेले उत्तर तीन ओळींचे होते. नोड आणि गेटवे, अमुक फर्मवेअर आवृत्तीपासून पुढे : ५ए००२ च्या दुसऱ्या टिपेतील 'जे' अपवादानुसार माहिती-सुरक्षेच्या नियंत्रणाबाहेर, भारतात ८ए५ भाग २ बाहेर. रेडिओ लायब्ररी : सार्वजनिक क्षेत्रात. डबे पुढे फ्रान्समधल्या शीतगृहात बसवायचे झाल्यास तिथल्या एएनएसएसआय या सायबर-सुरक्षा संस्थेकडे क्रिप्टोच्या घोषणेचा प्रश्न वेगळा आहे, तो आयातदाराने पाहावा, असेही खाली लिहिले.

दुबईचे काम एवढ्यावर संपले नाही. वस्तू यादीबाहेर असली तरी सर्वसमावेशक तरतूद उरतेच : माल सामूहिक संहाराची शस्त्रे, क्षेपणास्त्रे किंवा तशा कामासाठी जाणार हे माहीत असेल किंवा संशय असेल तर यादीत नसलेल्या वस्तूलाही परवानगी लागते. वितरक माल पुढे विकणारा असल्याने घटकाने प्रत्येक डब्याचा अंतिम वापरकर्ता आणि जागा लेखी मागितली. ९ डब्यांसाठी शीतगृहांची नावे आणि पत्ते आले. उरलेल्या ६ साठी वितरकाने "स्टॉकसाठी" एवढेच लिहिले. ते ९ रवाना झाले, ६ अंबडच्या गोदामात आहेत आणि त्यांच्या खोक्यांवर अजून पत्ता चिकटवलेला नाही.